डावा हात

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये एक बाई सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये लटकलेली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी घ्यायचं काम ती एकवीस वर्षं करत होती, त्यामुळे लटकलेल्या माणसांशी बोलताना आवाज कुठे ठेवायचा हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. दाराला हात लावू नका, खाली बसून घ्या, माणूस निघालाय, पोचतोच आहे. माणूस पुष्कळदा निघालेला नसायचा, पण ते बोलायचं नसतं. बाई रडवेल्या आवाजात सांगत होती की तिच्या पिशवीत आइस्क्रीम आहे आणि त्याचं पाणी व्हायला लागलंय. ही हसू दाबत होती, तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरला. तिने हेडफोन एका कानावरून मागे सरकवला. ‘‘तुमच्या वडिलांच्या वॉर्डातून सिस्टर बोलतेय. त्यांचा हात बांधायला परवानगी हवी होती.’’ कुठला हात, असं विचारायच्या आत सिस्टरने सांगून टाकलं. डावाच, चालतो तो. सारखा हलवतात, सकाळपासून दोनदा सलाईनची सुई निघाली, शेजारच्या पेशंटचीही कुरकुर चाललीय. मऊ पट्टीने बांधू, दुखायचं नाही काही. दुसऱ्या कानात बाई विचारत होती, ‘‘अहो, आहात ना तुम्ही? आहात ना?’’ ‘‘हो, हो,’’ ती म्हणाली. ‘‘बरं, मग बांधते,’’ सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

तो ‘हो’ लिफ्टमधल्या बाईसाठी होता. दुपारभर ती स्वतःला हेच समजावत राहिली. पण ‘बरं, मग बांधते’ हे शब्द तिने स्वच्छ ऐकले होते, आणि ते ऐकल्यावर पुन्हा फोन लावायला तिचा हात कुणी धरला नव्हता. आइस्क्रीमवाली बाई सुटली, मग एक म्हातारा अडकला, मग एका शाळेची अख्खी तुकडी. तिने सगळ्यांना धीर दिला. मधल्या वेळात ती आपल्याच डाव्या हाताकडे बघत बसली. चौथ्या बोटाच्या पेरावर एक जुना, गुळगुळीत, कातडीच्याच रंगाचा घट्टा होता. इतकी वर्षं झाली तरी तो गेला नव्हता आणि तो कशाचा आहे हे तिच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांच्या बोटावर तो हरभऱ्याएवढा होता. लहानपणी ती तो दाबून बघायची आणि विचारायची, दुखतं? बाबा म्हणायचे, ‘‘छे! हे माझं दुकान आहे.’’ नऊ दिवसांपूर्वी सकाळी ते बाथरूमच्या दारात कोसळले, आणि उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली. डॉक्टर म्हणाले होते, डावा हात शाबूत आहे, तेवढं नशीब. आणि त्या नशिबाला बांधून घालायला तिने भर दुपारी, हसू दाबता दाबता, होकार दिला होता.

बाबा डफ वाजवायचे. आयुष्यभर तेच केलं त्यांनी, आणि त्यांच्या गुरुजींनीही तेच केलं होतं. हौस म्हणून गळ्यात अडकवायचा डफ नव्हे. मांडीवर उभा धरून तास तास एकट्याने वाजवायचा डफ, ज्याला एके काळी सभागृहं भरायची. डाव्या हाताने कडं पेलायचं आणि त्याच हाताची बोटं कडेवर नाचवायची, टक, किट, किट. उजवा मोकळा, त्याने चामड्याच्या पोटात धुम द्यायचा. डावा बोलका आणि उजवा खोल, असं बाबा म्हणायचे. वाजवण्याआधी डफ शेगडीवर धरून शेकावा लागायचा, चामडं ताणून येईपर्यंत. तिच्या सगळ्या लहानपणाला त्या गरम चामड्याचा वास होता. सहाव्या वर्षापासून ती शाळेच्या आधी तासभर बाबांसमोर बसायची. तिची बोटं हलकी पडायची, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं टिचकी. ‘‘टिचकी, चामड्याला विचारू नको, सांग त्याला.’’ चुकलं की ओरडायचे नाहीत. फक्त आपला पंजा तिच्या हातावर अलगद ठेवायचे. तो ठेवला की थांबायचं, आणि उचलला की पहिल्यापासून. त्या पंजाचं वजन तिला अजून आठवत होतं. संध्याकाळी हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या ते वजन तिला मनगटावर जाणवलं आणि तिने दांडा सोडून दिला.

तिने शिकणं सोडलं असं काही घडलंच नव्हतं. ही गोष्ट ती मनातल्या मनातही नीट सांगू शकत नसे, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. भांडण नाही, रडारड नाही. तेरा वर्षांची असताना एकदा ती म्हणाली, बाबा, परीक्षा झाल्यावर बसू या. ते म्हणाले, बरं. परीक्षा झाली. तिने विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. फक्त सकाळी ती उशिरापर्यंत अंथरुणात पडून असायची तेव्हा स्वयंपाकघरातून दोन डफ शेकल्याचा आवाज यायचा. चामडं शेकताना मधून मधून बोटाने वाजवून बघतात, त्यावरून कळतं. दोन वेगवेगळे सूर. मोठ्याचा भरदार, तिच्या लहानग्याचा जरा चिडका. असे कितीतरी दिवस ते दोन्ही शेकत राहिले. मग एका सकाळी एकच सूर आला. तिला आठवतं, तिने कूस बदलली होती, आणि तिला हायसं वाटलं होतं. हायसं! तेव्हा तिला मैत्रिणी होत्या, नवी सायकल होती, आणि डफ शिकणारी तिच्या वर्गात ती एकटीच होती. आता सांगायला गेलं तर एवढंच कारण निघतं, आणि ते कारण म्हणून पुरेसं नाही.

वॉर्डात ती पोचली तेव्हा भेटीची वेळ सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. सहा पलंग, हिरव्या भिंती, खिडकीखाली चाकांचं कपाट. बाबांचा डावा हात पलंगाच्या लोखंडी कठड्याला कापसाच्या रुंद पट्टीने बांधला होता, बांधणी खरोखरच मऊ होती, आणि त्या बांधणीच्या पुढे पाचही बोटं चाललेली होती. त्यांची नजर छतावर होती. बोटं गादीच्या कडेवर आपटत होती, आवाज न होता. ‘‘बघा,’’ शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ म्हणाले. ते निवृत्त बसचालक होते, पोटाचं ऑपरेशन झालेलं. ‘‘बांधलं तरी थांबत नाहीत. आमच्या जुन्या गाडीचं इंजिन असंच होतं, चावी काढली तरी फुरफुरायचं.’’ ती हसली नाही. ती पट्टी सोडायला लागली. गाठ नखांनी सुटेना, तेव्हा तिने दातांनी सोडवली. सिस्टर धावत आली, तशी ती म्हणाली, ‘‘सुई पायाला लावा, उजव्या हाताला लावा, मी फॉर्म देते लिहून. हा हात बांधायचा नाही.’’ सिस्टर वाईट नव्हती, थकलेली होती. तिने उसासा टाकला आणि सुई उजव्या हाताला लावायला डॉक्टरांना विचारते म्हणाली.

सुटलेला हात थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग त्याने कठडा चाचपला, पोकळ लोखंडाचा, आणि त्यावर बोटं बसवली. टक, किट किट. थांबला. टक. मोठी जागा रिकामी. किट किट टक. पुन्हा रिकामी, पण आधीपेक्षा लहान. ऐकणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याची बोटं अडखळतायत, मेंदूचं काही खरं नाही. सिस्टरला तसंच वाटलं होतं, बसचालकाला तसंच वाटत होतं, आणि तिलाही नऊ दिवस तसंच वाटत आलं होतं. पण आता ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवरचा उजवा हात आपोआप जड होत होता, पाऊस यायच्या आधी जुनं दुखणं जागं व्हावं तसा. त्या रिकाम्या जागा रिकाम्या नव्हत्या. तिथे उजवा हात होता. बाबा अडखळत नव्हते, पुरं वाजवत होते, त्यातला अर्धा भाग तेवढा ऐकू येत नव्हता. मेलेला हात आपल्या जागी येऊन जात होता आणि डावा त्याला वाट करून देत होता. ती उठून पाण्याची बाटली भरायला गेली आणि नळ सुरू ठेवून तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची लेक आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजमधून थेट, कानात गाणी ऐकायचे ते पांढरे खडे. तिने खडे काढले, आजोबांचं कपाळ पुसलं, आणि ऐकत बसली. ‘‘आई, हे भारी आहे गं. हे काय आहे?’’ तिने मोबाईल कठड्यावर ठेवून ते भरून घेतलं. चार मिनिटं, काही सेकंद. ‘‘तुला येतं?’’ लेकीने विचारलं. ‘‘नाही.’’ ‘‘पण तू शिकली होतीस ना? आजोबा सांगायचे, टिचकी फार हुशार होती म्हणून.’’ ‘‘कधी सांगायचे?’’ ‘‘नेहमीच. तू ऑफिसात असलीस की.’’ तिने बाबांकडे पाहिलं. बोटं चालली होती, टक, किट किट, टक, आणि ती लांब जागा. तेव्हा तिला कळलं ते काय आहे. ती ‘लांबची’ होती. एकतीस मात्रांची ती चाल गुरुजींनी आपल्या मरणाच्या वर्षी बाबांना दिली होती. ती इतकी हळूहळू वळत पहिल्या ठोक्यावर परत येते की मोजायला बसलेला माणूस हमखास वाट चुकतो. शेवटचं जाहीर वाजवणं बाबांनी तिच्यासमोर केलं होतं, सतरा वर्षांपूर्वी, दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात. सहा माणसं होती, आणि त्यातले दोघे कुलूप लावायला थांबलेले. बाबांनी डोळे मिटून लांबची वाजवली, संपूर्ण, आणि पहिल्या ठोक्यावर उतरले तेव्हा दाद द्यायला कुणाला कळलंच नाही. त्यांनी स्वतःच स्वतःला हळूच ‘हां’ म्हटलं. ती घड्याळाकडे बघत होती. शेवटची बस होती, लेक घरी शेजाऱ्यांकडे होती, आणि तिला वाटत होतं, संपलं का एकदाचं.

आणि पुढे, लेकीची दहावी होती तेव्हा, तिने स्वतःच्या हाताने डफात टॉवेल कोंबला होता. ‘‘बाबा, जरा हळू वाजवा ना, तिचा अभ्यास चाललाय.’’ ते म्हणाले होते, ‘‘अगदी बरोबर.’’ परीक्षा संपल्या, लेक कॉलेजात गेली, पण टॉवेल त्यांनी काढला नाही. सकाळी त्यांच्या खोलीतून यायचा तो आवाज उशीवर कुणीतरी थोपटल्यासारखा, आणि ती चहा गाळताना म्हणायची, बरं झालं, शेजारी तरी बोलायचे थांबले. आता त्या हिरव्या खोलीत, लोखंडावर, तेच वाजणं उघडंनागडं ऐकू येत होतं आणि ते अर्धंच होतं. ‘‘उरलेलं कुणाला येतं?’’ लेकीने विचारलं. प्रश्न किती साधा. ती एकेक माणूस आठवत गेली. बाबांचे जोडीदार, जे शेजारी बसून साथ करायचे, ते गेले त्याला सहा वर्षं झाली. गुरुजींचा मुलगा, त्याने वडिलांचे डफ एका हॉटेलला भिंतीवर टांगायला देऊन टाकले. मग तिला तो विद्यार्थी आठवला. बाबांकडे सात वर्षं आलेला, कोळ्याच्या पायांसारख्या लांबलचक बोटांचा, ज्याला तिची आई ‘आपला कोळी’ म्हणायची. तो पुढे विम्याच्या धंद्यात गेला होता. त्याचा नंबर लेकीने अर्ध्या तासात शोधून काढला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिने फोन लावला.

कोळ्याला आधी ओळख पटली नाही, मग इतकी पटली की तो घरातल्या एकेकाची चौकशी करत सुटला. लेकीने भरून घेतलेलं त्याला ऐकवलं. ‘‘लांबची आहे,’’ तो म्हणाला. ‘‘उजवा हात नाहीये यात.’’ ‘‘म्हणून तर तुम्हाला फोन केला. तुम्ही यायला हवंय, आजच. तुमच्या उजव्याने...’’ ‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘मला लांबची येत नाही.’’ तिला वाटलं तो टाळतोय. तिने आवाज चढवला, सात वर्षं काय केलंत मग, असंही म्हणून गेली. तो शांतपणे म्हणाला, ‘‘दोन वर्षं मागे लागलो होतो त्यांच्या. बाकी सगळं दिलं त्यांनी, हात राखला नाही. पण लांबची काढली की म्हणायचे, थांब रे जरा, टिचकीची परीक्षा होऊ दे. दोघांना बरोबरच शिकवतो.’’ बाकासमोरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ‘‘तेव्हा,’’ कोळी म्हणाला, ‘‘तुम्ही नोकरीला लागला होतात. मला वाटलं, कुठली तरी मोठी परीक्षा देत असाल.’’

त्या संध्याकाळी लेकीला तिने घरी पाठवलं. वॉर्डात येऊन स्टूल पलंगाला अगदी चिकटवून घेतलं, आणि आपला उजवा हात कठड्यावर ठेवला, बाबांच्या डाव्या हाताशेजारी. त्यांची बोटं थांबली नाहीत. टक, किट किट. ती जागा आली. तिने पंजाने लोखंडावर ठोका दिला, धुम. आवाज कसलातरी, टपावर आपटल्यासारखा. पुढची जागा आली, तिने दिला, तो उशिरा पडला. त्याच्या पुढची मोठी जागा आली आणि तिथे काय भरायचं हे तिला माहीत नव्हतं. एक ठोका की तीन, खोल की बंद, काही म्हणता काही नाही. तिने अंदाजाने दोन दिले. बाबांची मान वळली. नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदाच ती नजर छतावरून खाली उतरली, तिच्या हातावर आली, मग तिच्या तोंडावर. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या नजरेत भलतीच आशा होती, घाईघाईने उठून बसलेली. ते पुन्हा पहिल्यापासून निघाले, जरा हळू, तिला सापडावं म्हणून. ती पुन्हा चुकली. ‘‘थांबा बाबा, सांगते, थांबा,’’ असं काहीतरी ती बोलत राहिली, जसं काही शब्दांनी भरता येणार होतं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. बसचालक कुशीवर वळून बघत होता. पाचव्यांदा ती त्याच मोठ्या जागेत हरवली, आणि तिच्या हातावर काहीतरी येऊन पडलं. बाबांचा पंजा. हलका झालेला, हाडांचा, पण ठेवण्याची तऱ्हा तीच.

ती थांबली. त्यांनी हात उचलला नाही, कितीतरी वेळ. ते तिच्याकडे बघत होते आणि तिला दिसत होतं की ते काहीतरी ठरवतायत. मग पंजा उचलला गेला, कठड्यावर गेला, आणि बोटांनी सावकाश, अगदी सावकाश, आठ मात्रांचा पहिला धडा धरला. सहा वर्षांच्या मुलीला देतात तो. टक, जागा, टक टक, जागा. यात चुकायला काही नव्हतंच. तिने धुम दिला. टक टक. तिने धुम दिला. तो बरोबर आपल्या घरात पडला. बाबांच्या तोंडाची जिवंत बाजू हलली. ते हसत होते. पुन्हा. पुन्हा. दोन हात मिळून एक माणूस वाजवत होता आणि तिला लाज वाटावी इतका आनंद झाला, हुंदका आणि हसू एकाच वेळी तोंडातून निघालं. बसचालक म्हणाला, ‘‘आता कसं! हे कळतंय आम्हाला,’’ आणि त्याने पांघरुणावर बोटांनी साथ धरली. सिस्टर दारात येऊन उभी राहिली आणि भेटीची वेळ संपली हे पाच मिनिटं उशिरा बोलली.

घरी परतताना तिने मनाशी हिशेब बांधला. आज पहिला धडा. उद्या दुसरा घेऊ, तिची बोटं आठवतील, हातांना विसर पडत नाही म्हणतात. आठवड्याभरात चार-पाच धडे होतील, बाबा डाव्याने दाखवतील, ती चुकेल, पंजा येईल, आणि असं करत करत लांबचीपर्यंत. तिने रजेचा अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच जाऊन बसली. बाबांनी तिला पाहिलं, हात कठड्यावर ठेवला, आणि पहिला धडा धरला. तिने साथ दिली. मग तिने आपणच, आठवून आठवून, लांबचीची सुरुवात वाजवली, डाव्या हाताची, जशी दोन दिवस ऐकली होती तशी. टक, किट किट, थांब, टक. बाबा ऐकत राहिले. तोंडावर काहीच उमटलं नाही. कुणी अनोळखी माणूस बोलतोय आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून ऐकून घ्यावं, तसे ते ऐकत होते. ती संपवून थांबली, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर पंजा ठेवला, आणि उचलून पहिला धडा धरला. तिने लेकीचा मोबाईल मागवून त्यांचंच वाजवलेलं त्यांच्या कानाशी धरलं. त्यांनी मान फिरवली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत आणखी एखादा छोटा झटका येऊन गेला असेल, अशा वेळी आधीचं पुसतं. ते म्हणाले ते खरंही असेल. पण तिने ती नजर पाहिली होती, पंजा उचलायच्या आधीची. तिला ठाऊक होतं की त्या क्षणापर्यंत बाबा दहा दिवस एकटेच, अर्ध्या अंगाने, लांबची धरून बसले होते. झोपेत, सलाईनच्या सुईसकट, बांधलेल्या पट्टीत. ती कुणी घ्यायला येईल म्हणून. आणि जी आली तिला ती पेलवत नाही हे पाहिल्यावर त्यांनी ती खाली ठेवली आणि तिच्यापाशी आले. पुन्हा उचलायला जायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, की तिला एकटं सोडून जायचं मन झालं नाही, हे आता विचारायची सोय नव्हती.

ती रजा संपेपर्यंत रोज जात राहिली. दुसरा धडा कसा सुरू होतो ते तिला आठवलं नाही, आणि त्यांनी दिलाही नाही. सकाळी दहाला ती स्टूल ओढून बसायची, बाबा तिच्याकडे बघून अर्धं हसायचे आणि बोटं कठड्यावर ठेवायचे. टक, मग तिची जागा. ते थांबायचे. ती भरायची. दर आवर्तनाला ते थांबायचे, आणि दर आवर्तनाला तिचा ठोका पडला की त्यांचा डोळा लहान मुलाचं कौतुक करावं तसा चमकायचा, आणि ती एकावन्न वर्षांची बाई मान खाली घालून ते कौतुक घ्यायची.